धोंड्याच्या महिन्यातले बुडबुडे

यंदा अधिक महिना पुन्हा ज्येष्ठातच आलाय. म्हणजे ऐन मे महिन्याच्या काहिलीत जावयांचे लाड. सकाळी आईचा फोन आला, "तांदूळ भिजत घातलेत गं अनारशांचे. जावईबापूंना म्हणावं, पुढच्या आठवड्यात कुठं जाऊ नका." मी विचारलं, "आणि मला काय म्हणू?" तर म्हणाली, "तुला काय म्हणायचंय? तू येशीलच की त्यांच्यासंगं." घ्या! लग्नाला इतकी वर्षं झाली, केस पिकले, तरी अधिक महिन्यात माझी गणती अजून पिशवीतच. जावई आले की हातात असते ती.

ज्यांच्याकडे ही चाल नाही त्यांना सांगते. दर तीनेक वर्षांनी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो. त्यात मुहूर्त नसतात, लग्नं नसतात. मग करायचं काय, तर लेक-जावयाला बोलवायचं. लेक म्हणजे लक्ष्मी, जावई म्हणजे नारायण, असं म्हणतात खरं. पण पाटावर बसतो नारायण आणि लक्ष्मी आत कढईपाशी घाम पुसत उभी असते. पुरणाचे धोंडे करायचे, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे रचायचे, वर दिवा लावायचा आणि ते सगळं जावयाच्या हातात द्यायचं. अनारशाला जाळी पडलेली पाहिजे. जितकी भोकं जास्त तितकं पुण्य जास्त, असं आमची आई म्हणते. तिला कुणी विचारायला जात नाही की हे कुठं लिहिलंय.

अधिक महिने पुष्कळ आले आणि गेले. पण उन्हात पडवीची फरशी तापून तिला तो एक कोरडा वास सुटला की मला एकच अधिक ज्येष्ठ आठवतो. लग्नानंतरचा पहिला. त्या महिन्यात मी माझ्या नवऱ्यावर जळले. कुणा बाईवरून नाही हो. माझ्या वडिलांवरून.

मत्सर हा शब्द मला जरा भरजरी वाटतो. आमच्याकडे जळणं म्हणतात, आणि तेच बरोबर आहे. आधी छातीच्या मध्यावर एक ठिपका गरम होतो, मग कान तापतात, मग समोरच्याचं हसणंसुद्धा मुद्दाम आपल्याला डिवचायला आहे असं वाटायला लागतं. जावेच्या साडीवर जळता येतं, शेजारणीच्या फ्रीजवर जळता येतं, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. पण स्वतःच्या बापाशेजारी स्वतःचाच नवरा मांडी घालून बसलाय म्हणून जळायचं? कुणाला सांगणार? आईला सांगितलं असतं तर म्हणाली असती, नशीब काढलंस बाई, सासऱ्या-जावयाचं इतकं पटतंय.

मखमलाबादला आमचा मळा. गुलाब, शेवंती आणि कडेच्या वाफ्यांत मेथी-कोथिंबीर. विहीर खाली ओढ्याच्या अंगाला, गुलाब वर टेकाडावर, मध्ये जमिनीतून गेलेली पाइपलाइन. माझ्या शाळेच्या वर्षांत, म्हणजे नव्वदच्या पुढेमागे, लाईट आज येते उद्या जाते असं चालायचं. लाईट परत आली की अण्णा, म्हणजे माझे वडील, मोटर चालू करायचे आणि बऱ्याचदा मोटर नुसतीच घुमायची. पाणी नाही. पाइपात हवा अडकलेली. मग अण्णा हाक मारायचे, "सुन्या!" आणि माझा मोठा भाऊ सुनील जिथं असेल तिथून पळत सुटायचा.

ते दोघं काय करायचे ते मला आजही डोळे मिटून सांगता येईल. तळाची झडप पाणी धरत नसेल तर पाइपात शेणकाला ओतायचा, म्हणजे फटी बुजतात. मोटर पुन्हा चालू. मग अण्णा जमिनीतून वर आलेल्या पाइपावर गाल टेकवायचे आणि ऐकायचे. अगदी डॉक्टर ऐकतो तसं. "हवा हाय अजून. गुळगुळ करतीय." टेकाडाच्या उंचवट्यावर हवा सोडायला एक उभी नळी होती. तिचं झाकण सुनीलनं हळूहळू फिरवायचं. आधी फुस्स, मग थुंकल्यासारखं पाणी, मग पुन्हा फुस्स, आणि मग एकदम अख्खी पाइपलाइन घशातून आवाज काढल्यासारखी खाकरायची आणि वर गुलाबांच्या सरीत पाणी चकाकायला लागायचं. तोवर अण्णा सुनीलला सोलून काढायचे. "अरे हळू! कुणाच्या वरातीला जायचंय तुला? सगळं झाकण काढलं का? डोस्कं हाय का मडकं?"

मी बांधावर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसलेली असायचे. त्या नळीच्या झाकणाला हात लावायची मला इतकी हौस होती, इतकी हौस होती की काय सांगू. एकदा धीर करून जवळ गेले तर अण्णा इतक्या मऊ आवाजात म्हणाले, "मनाबाई, घरी जा बाळा. ऊन लागंल. हात खराब व्हतील." मी घरी गेले आणि चुलीपाशी बसून रडले. आई म्हणाली, वडील एवढे प्रेमानं बोलले आणि रडतेस काय? मला तरी कुठं सांगता येत होतं.

सुनील पुढं कंपनीत लागला, पुण्याला गेला. अण्णांच्या शेजारची जागा रिकामी झाली. मी तेव्हा कॉलेजात. मला वाटलं, आता आपण. तर अण्णांनी मोटरीसाठी एक गडी ठेवला आणि माझ्यासाठी स्थळं बघायला लागले.

योगेशचं स्थळ आलं. मुलाचा पंचवटीत स्टुडिओचा गाळा, लग्नाच्या शूटिंगची कामं घेतो, कॉम्प्युटरवर मिक्सिंग स्वतः करतो. वडील तो दुसरीत असतानाच गेलेले, आईनं शिलाई करून वाढवलेला. स्वभावानं गरीब. अण्णा म्हणाले, "पोरगा हाताला कामाचा दिसतोय." हा शेरा अण्णांनी माझ्याबद्दल जन्मात कधी मारला नव्हता. ठिणगी तिथंच पडली म्हणायची.

आता मिक्सिंग म्हणजे काय ते ज्यांनी त्या काळातल्या लग्नाच्या सीड्या बघितल्यात त्यांना माहीत आहे. नवरी गुलाबाच्या कळीतून बाहेर येणार, नवरा चंद्रावर बसणार, मामा मंडळींच्या पाठीमागून कबुतरं उडणार. हे सगळं त्या एका कॉम्प्युटरच्या जिवावर. तो बिचारा रात्रंदिवस दळत बसायचा आणि उन्हाळ्यात इतका तापायचा की मध्येच मान टाकायचा. वरात गावाच्या वेशीपर्यंत यायची आणि पडदा काळा! योगेशनं त्याचं झाकण काढून टेबलफॅन लावला. ओल्या फडक्यांनी खोली पुसली. शेवटी मुंबईच्या एका मित्राकडून त्यानं पाण्यावर गार करायचं सामान मागवलं. तांब्याचा चपटा ठोकळा, तो प्रोसेसरच्या डोक्यावर बसवायचा. एक मुठीएवढा पंप, एक छोटी प्लॅस्टिकची टाकी, एक रेडिएटर आणि आरपार दिसणारे पाइप. पंपानं टाकीतलं पाणी ठोकळ्यातून फिरवायचं, तिथली उष्णता घेऊन ते रेडिएटरमध्ये जायचं, गार होऊन परत टाकीत. मी म्हटलं, "विजेच्या वस्तूत पाणी? डोकं फिरलंय का?" तो म्हणाला, "थेंबही बाहेर येत नाही, बघ."

सामान येऊन खोक्यात पडलं होतं तेवढ्यात अधिक लागला. अधिकात मुहूर्त नाहीत म्हणून त्याआधीच लोकांनी लग्नांची झुंबड उडवली होती, त्यामुळे कपाट कॅसेटींनी भरलेलं. त्यातल्या एका नवरीचा भाऊ आखातात नोकरीला. रविवारी निघणार होता आणि त्याला बहिणीच्या लग्नाची सीडी बरोबर न्यायची होती. आणि नेमकं त्याच आठवड्यात आईचं बोलावणं, जावईबापूंनी राहायलाच यायचं. मला वाटलं योगेश कुरकुरेल. तर म्हणाला, "जाऊ की. कॉम्प्युटर तिकडंच नेतो. अण्णांच्या पडवीत वारा असतो, तिथं बसवू." झालं. रिक्षात तो, त्याच्या मांडीवर कॉम्प्युटरचा डबा, माझ्या मांडीवर मॉनिटर, पायाशी ते खोकं. रस्त्यातला प्रत्येक खड्डा मी मॉनिटरला कवटाळून सोसला. आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी. तो तिनं जावयावरून ओवाळून टाकला, आणि मॉनिटरमागून कुणीतरी "मला उतरू द्या" म्हणत होतं ती मी.

पडवीत सतरंजी अंथरली. योगेशनं खोकं उघडलं आणि अण्णांच्या डोळ्यांत असं काही चमकलं की मी दारातच थांबले. "अरेच्चा, हा तर गाडीचा रेडिएटर की! पिल्लू हाय!" अण्णा खाली बसले. गुडघे दुखतात म्हणून जेवायलासुद्धा खुर्चीवर बसणारे अण्णा, मांडी घालून बसले! "पाणी कोणतं घालायचं जावईबापू? विहिरीचं चालंल?" योगेश म्हणाला, "बॅटरीत घालतात ते लागेल, साध्या पाण्यात क्षार असतात." लगेच अण्णा स्वतः लुना काढून नाक्यावर गेले आणि बॅटरीच्या पाण्याचा कॅन घेऊन आले. माझ्या बारावीच्या फॉर्मवर सही आणायला मला मळ्यात तीनदा जावं लागलं होतं. असो.

मी सतरंजीच्या टोकाशी टेकले, तर अण्णा मान वर न करता म्हणाले, "मनाबाई, आत जा बाळा. आईला अनारसे थापू लाग."

मी आत गेले. अनारसा थापताना पिठावर बोटांचे ठसे उमटतात. त्या दिवशीचे माझे ठसे जरा खोलच होते. आई म्हणाली, "अगं हलक्या हातानं! जाळी कशी पडंल?" बाहेरून आवाज येत होते. ठोकळा बसला. पाइपाच्या क्लिपा आवळल्या. गळलं तर कळावं म्हणून खाली वर्तमानपत्र अंथरलं. मग योगेशची हाक, "मनीषा, केसांचा आकडा दे गं एक." कॉम्प्युटर चालू न करता नुसता पंप चालवायचा तर वायरीच्या टोकाच्या प्लगातल्या दोन भोकांत तार घालून वीज जोडावी लागते म्हणे. मी माझ्या केसातला आकडा काढून दिला. त्यानं तो घेतला, दोघांनी मिळून पंप चालू केला, दोघं एकदम "वा!" म्हणाले. आकडा माझा, वा त्यांची.

पाणी फिरायला लागलं आणि लगेच तो आवाज आला. मी पीठ लावलेले हात तसेच धरून थांबले. गुळगुळ. हवा! रेडिएटरच्या पोटात, ठोकळ्यात, पाइपाच्या वळणांवर चिकटलेले बुडबुडे, आणि टाकीतलं पाणी बारीक फेसानं ताकासारखं पांढरं. पंपात हवा शिरली की तो दातावर दात घासल्यासारखा किरकिरायचा. योगेश म्हणाला, हवा गेल्याशिवाय कॉम्प्युटर चालू करता येणार नाही, ठोकळ्यात बुडबुडा राहिला तर प्रोसेसर भाजून निघेल. अण्णा म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. चालू द्या." आणि दोघं पाइपाकडे बघत बसले.

बघत बसले म्हणजे बसलेच. संध्याकाळ झाली, दिवेलागण झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बसले. गप्पा काय, हसणं काय! अण्णांनी त्याला विहीर कशी खोदली ते सांगितलं, टेकाडावर पाणी पहिल्यांदा चढलं तेव्हा सगळ्या आळीला गूळ वाटला होता ते सांगितलं. हे मला माहीतच नव्हतं! माझ्या जन्माआधीची माझ्या घरची गोष्ट मी अनारशाला खसखस लावता लावता भिंतीपलीकडून ऐकली, कारण ती जावयाला सांगितली जात होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चहा नेऊन दिला तर तोही जोरात आपटला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि गंमत अशी की ते जे बसवलं होतं ते साफ चुकीचं होतं. रेडिएटर सगळ्यात वर, आणि त्याची दोन्ही तोंडं खाली. हवा वर जाते हे शेंबड्या पोरालाही कळतं. ती रेडिएटरच्या डोक्यात जाऊन बसली होती आणि तिथून निघायला तिला वाटच नव्हती. मी कपबशा उचलायला गेले तेव्हा एका नजरेत मला ते दिसलं. मग अण्णांना दिसत नसेल? आयुष्यभर पाइपातली हवा काढणाऱ्या माणसाला?

अण्णा पाणी प्यायला आत आले तेव्हा मी विचारलं. ते इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "दिसतंय गं. पण त्यांचं मशीन, त्यांचं काम. धोंड्याच्या महिन्यात जावयाला चुकलं म्हणू का मी? लोक काय म्हणतील?" थोड्या वेळानं योगेश हात धुवायला मागं आला. त्याला म्हटलं, "अहो, ते उलटं बसवलंय तुम्ही." तो म्हणाला, "चुकलं असेल तर अण्णा बोलतील ना. त्यांचं तर आयुष्य पाण्यात गेलंय." आणि परत जाऊन बसला. म्हणजे एकानं बोलायचं नाही, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. तिकडं रविवार डोक्यावर आलेला, नवरीचा भाऊ बॅग भरून बसलेला, आणि इकडं हे दोन नवाब "तुम्ही म्हणाल तसं" करतायत!

हल्ली योगेशच्या स्टुडिओत गार करायचं सामान बंद डब्यात तयारच मिळतं. आतलं पाणी दिसत नाही, हवा काढायला लागत नाही, कारखान्यातूनच भरून येतं. सोय झाली, खोटं कशाला बोलू. पण त्या डब्याभोवती दोन माणसं बसलेली मी अजून पाहिलेली नाहीत.

दुपारी लाईट गेली ती चारला आली. पंप पुन्हा किरकिरायला लागला. मी चहाचा ट्रे घेऊन पडवीत गेले. दोघं गुडघ्यांवर हात ठेवून, फोटोला बसल्यासारखे. अण्णा म्हणाले, "काय म्हणता जावईबापू?" योगेश म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, अण्णा."

मी ट्रे खाली ठेवला आणि सरळ रेडिएटर उचलला. "तोंडं वर पाहिजेत याची. टाकी उंचावर पाहिजे. किती वेळ बघत बसणार आहात, बुडबुड्यांचं लग्न लावायचंय का?"

"मने!" अण्णा दचकलेच. "जावईबापू बसलेत ना! काय पद्धत..." आणि तेवढ्यात माझ्या तुपकट हातातून रेडिएटर सटकला, पाइप मुडपला, पंपानं किंकाळी फोडली. अण्णांची सगळी पद्धत हवेत गेली. "अगं मुडपला! मुडपला ना गाढवे! वर धर! वर म्हणजे वर, आभाळ कुठं असतं माहिती हाय का? डोळे हायेत का नुसती बटणं?" आणि माझ्या मनगटावर एक चापट बसली.

मी तशीच उभी. हातात रेडिएटर, कानात ते शब्द. अण्णा माझ्यावर ओरडले होते. जन्मात पहिल्यांदा! मनाबाई नाही, बाळा नाही. सुनीलवर ओरडायचे तसं, वाफ्यातल्या माणसावर ओरडतात तसं. मला इतका आनंद झाला की मी ओठ दाबून धरले, नाहीतर हसूच फुटलं असतं.

त्यानंतर अण्णा थांबलेच नाहीत. जावयाला जे दोन दिवस सांगता आलं नव्हतं ते सगळं माझ्यावर कोसळलं. आईनं जावयाला ओवाळायला काढून ठेवलेला पाट अण्णांनी आणला, त्याच्यावर पिठाचा डबा उपडा घातला, त्यावर टाकी. योगेशनं केसाचा आकडा लावायचा, काढायचा. पंप क्षणभर चालू, क्षणभर बंद. मी तो अख्खा कॉम्प्युटरचा डबा दोन्ही हातांनी उचलून सुपासारखा डावीकडं, उजवीकडं कलता करायचा. अण्णांनी रेडिएटरला कान लावलेला. "डावीकडं. डावीकडं गं! डावा हात कोणता तुझा? आता थांब. थांब म्हटलं ना! हलू नको. आली... आली बघ."

पाइपात एक लांबट बुडबुडा सरकत होता. मध्येच अडायचा, पाण्याच्या धक्क्यानं थोडा मागं यायचा, मग पुन्हा वर चढायचा. आम्ही तिघं श्वास धरून. तो टाकीच्या तोंडाशी आला, फुगला, आणि बुडुक! त्याच्यामागं दुसरा, मग बारीक बारीक पुष्कळ. टाकीतलं पाणी खाली गेलं, अण्णांनी वरून बॅटरीचं पाणी ओतलं. पुन्हा डावीकडं, पुन्हा उजवीकडं. माझे दंड भरून आले, घाम डोळ्यांत गेला, आत कढईत एक अनारसा हसून विरघळला म्हणून आई ओरडत होती. मी जागची हलले नाही. कुणाच्या बापाची ताकद होती मला तिथून उठवायची?

हळूहळू पंपाची किरकिर थांबली. फेस निवळला. पाइपात पाणी आहे की नाही तेच कळेना, इतकं स्वच्छ. अण्णांनी परत कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "गप झालं." खालचं वर्तमानपत्र कोरडं होतं. योगेशनं कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर नवरी आली, वरात आली, वेशीवर पोचली आणि न थांबता गावात शिरली. अण्णा उठले, धोतर झटकलं आणि एकदम सासरे झाले. "जावईबापूंनी लय भारी काम केलं." म्हणू देत. माझ्या मनगटावर लाल खूण होती आणि ती मी आईलासुद्धा दाखवली नाही.

दुसऱ्या दिवशी धोंड्याचं जेवण झालं. नारायण पाटावर बसला, तेहतीस अनारसे हातात घेतले, अण्णांनी त्याला टोपी-उपरणं दिलं. सीडी वेळेत पोचली. रिक्षात परतताना माझ्या मांडीवर मॉनिटर होता, पण मी नुसती उडत होते. "बघितलं का, अण्णा कसे ओरडले मला! गाढवे म्हणाले! बटणं म्हणाले!" नाका येईपर्यंत मी तेच सांगत होते.

योगेश म्हणाला, "मला एकदाही ओरडले नाहीत."

मी हसले. "नारायणाला कोण ओरडणार?"

"ते उलटं बसलंय हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. बाहेर बघत. "तसंच ठेवलं. म्हटलं, आता बोलतील. आता म्हणतील, अरे हे काय करून ठेवलंस. दोन दिवस वाट बघितली."

"आणि सीडी? रविवार?"

"घरी तासाभरात बसवलं असतं मी. वाऱ्याचं काय गं, वारा आपल्या गच्चीतही असतो." मग तो म्हणाला, "माझ्यावर तसं कुणी ओरडलंच नाहीये. आई ओरडायची, पण ते वेगळं."

मी इतके दिवस ज्याच्यावर जळत होते तो माझ्यावर जळत होता, आणि आम्ही दोघं एकाच माणसासाठी जळत होतो. मॉनिटर एका हातानं धरून मी दुसरा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. खड्डा आला तशी आम्ही दोघांनी डबा धरला.

दुसऱ्या दिवशी मी मळ्यात फोन केला. "अण्णा, योगेशला एकदा ओरडा."

"काय?"

"ओरडा त्याला. सुनीलला ओरडायचे तसं."

"येडी झालीस का? जावई हायेत. धोंड्याचा महिना हाय."

"मग महिना संपल्यावर ओरडा."

मग अण्णा म्हणाले, "कशावरून ओरडू पण?"

"सापडेल काहीतरी," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

अधिक संपला. नंतर एका सकाळी मी योगेशचा जेवणाचा डबा घेऊन स्टुडिओत गेले, तर गाळ्याबाहेर अण्णांची लुना. मागं फुलांच्या रिकाम्या पाट्या बांधलेल्या. गणेशवाडीच्या बाजारातून परस्पर आलेले. आत अण्णांचा आवाज चढलेला. "अरे योगेश, ही जाळी बघितलीस का? बोटभर धूळ! वारा आत जायचा कुठून? एवढा जीव काढून हवा काढली ती ह्याच्यासाठी का रे? लाज वाटत नाय?" सुरुवातीला ते पाठ करून आल्यासारखं वाटत होतं, पण धूळ खरीच होती आणि अण्णा खरेच तापत चालले होते. "ब्रश असा धरतात? दात घासतोयस का? उभा धर, उभा!"

योगेश जमिनीवर उकिडवा बसला होता. मान खाली, "हो अण्णा, चुकलं अण्णा," आणि चेहरा असा फुललेला की लग्नाच्या एकाही फोटोत त्याचा तसा चेहरा नाही. अण्णा त्याच्या खांद्याला खांदा लावून, रेडिएटरच्या जाळीत नाक खुपसून.

मीच मागून दिलेलं होतं ते. तरी दारात उभ्या उभ्या माझी छाती तापली, कान तापले, सगळं तापलं. हातातला डबा गार होत होता. दोघांनाही जेवायला उठा म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं.